खर्ज आधी काढायचा, मग घालायचा

हेवी मेटल गिटारसाठी ट्यूब ॲम्प (काचेच्या नळ्यांवर चालणारा ॲम्प्लिफायर) लावायला बसलं की हात आधी गेनच्या, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणाऱ्या, नॉबकडे जातो. आवाज पुरेसा भारी वाटत नाही म्हणून गेन सातवर, मग आठवर, मग दहावर. एकट्याने वाजवताना तो भरलेला वाटतोही. ड्रम आणि बेस गिटार सुरू झाले की मात्र तीच गिटार मागे कुठेतरी भुणभुणत बसते. रिफ (पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा) कळत नाही, पाम म्यूटचा, म्हणजे तळहाताने तार दाबून मारलेला, घाव बद्द येतो, आणि दोन घावांमधली शांतता, जिच्यावर मेटलचा सगळा जोर उभा असतो, ती खरखरीने भरून जाते. मग बेसचा, म्हणजे खर्जाचा, नॉब वाढवला जातो आणि उरलंसुरलंही गढूळ होतं.

सिग्नल ट्यूबमध्ये फाटायच्या आधी त्यातला खर्ज किती काढला, आणि फाटून झाल्यावर किती परत घातला, यावर हा आवाज ठरतो. बाकीच्या गोष्टी महत्त्वाच्या आहेत, पण त्या यानंतर येतात. हा क्रम चुकला तर कितीही महागडा ॲम्प असो, बोट ठेवावं अशी एक जागा सापडत नाही आणि सगळंच थोडं थोडं बिघडलेलं वाटतं.

आवाज फाटतो म्हणजे काय होतं ते जरा जवळून पाहू. ट्यूबला झेपेल त्याहून मोठा सिग्नल आला की लाटेचे माथे कापले जातात. एकटाच स्वर असेल तर त्याच्या पटीतले वरचे स्वर तयार होतात आणि आवाज कणीदार होतो. दोन स्वर एकत्र फाटले की त्यांची बेरीज आणि वजाबाकीसुद्धा ऐकू येऊ लागते. सहाव्या तारेचा मोकळा ई ८२.४ हर्ट्झचा आहे. त्याचा पंचम, म्हणजे बी, साधारण १२३.५ चा. वजाबाकी ४१ च्या आसपास, म्हणजे त्याच ई चा एक सप्तक खालचा ई. तारेवर जो स्वर नाहीच तो ॲम्प स्वतःहून घालतो, आणि तोही सुरात. सा आणि प एवढेच दोन स्वर घेतलेली पॉवर कॉर्ड इतकी भारी लागते ती यामुळे.

त्यात गंधार घातला, म्हणजे पूर्ण मेजर कॉर्ड धरली, की गणित बिघडतं. ई चा पाचवा हार्मोनिक (पटीतला वरचा स्वर) ४१२ हर्ट्झवर पडतो आणि जी शार्पचा चौथा ४१५ च्या जरासा वर. दोन्ही एकमेकांवर घासतात आणि सेकंदाला तीनेक हेलकावे येतात. स्वच्छ आवाजात कान ते सोडून देतो. फाटलेल्या आवाजात मात्र हे हेलकावे बाकीच्या बेरीज-वजाबाक्यांबरोबर वर येतात आणि कॉर्ड आंबल्यासारखी ऐकू येते. म्हणून गेन किती ठेवायचा हे ॲम्पच्या आधी रिफ ठरवतो. नुसत्या पॉवर कॉर्ड असतील तर बराच गेन खपतो. तीन-चार स्वरांच्या कॉर्ड असतील तर तो दीड-दोन आकड्यांनी खाली आणावाच लागतो.

आता खर्जाकडे येऊ. गिटारच्या सिग्नलमध्ये सगळ्यात मोठी लाट खालच्या स्वरांची असते. पिक तारेला लागल्याचा तो टोकदार आवाज म्हणजे या मोठ्या लाटेवर स्वार झालेली छोटी लाट. मोठी लाट माथ्यावर जाऊन कापली गेली की तेवढ्या वेळापुरती तिच्यावरची छोटी लाटही पुसली जाते. म्हणजे खर्ज जितका जास्त, तितका पिकचा घाव कमी ऐकू येतो.

दुसरी भानगड याहून वाईट आहे. दोन ट्यूबच्या मध्ये एक कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) असतो. जोराचा खर्ज आला की पुढच्या ट्यूबची ग्रिड (सिग्नल आत घेणारी जाळी) करंट ओढू लागते आणि हा कपॅसिटर भरून बसतो. तो रिकामा होईपर्यंत ती ट्यूब अर्धवट बंद असते. मार्शलच्या घराण्यात हा कपॅसिटर बहुधा ०.०२२ मायक्रोफॅरडचा असतो. १ मेगओमच्या रोधातून तो रिकामा व्हायचा काळ येतो २२ मिलिसेकंद. तिथे ०.१ मायक्रोफॅरडचा असेल तर तोच काळ होतो १०० मिलिसेकंद. आता मिनिटाला २०० ठोक्यांच्या लयीत सोळाव्या भागाचे स्ट्रोक वाजवा: दोन घावांमध्ये अंतर आहे ७५ मिलिसेकंदांचं. पहिल्या घावातून ट्यूब सावरायच्या आत दुसरा येऊन पडतो. हात अचूक असतो, पण ऐकणाऱ्याला वाटतं वाजवणारा गडबडतोय. याला इंग्रजी बोलणारे ‘फार्टिंग’ म्हणतात, आपण ‘आवाज फसफसतो’ म्हणू. बेसचा नॉब कमी करून हे बहुतेक ॲम्पवर सुटत नाही. तो नॉब या सगळ्याच्या नंतर बसवलेला असतो.

म्हणून खर्ज ॲम्पमध्ये शिरायच्या आधीच छाटायचा. ही युक्ती मेटलइतकीच जुनी आहे. ब्लॅक सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी १९७० मध्ये डॅलस रेंजमास्टर हा ट्रेबल बूस्टर (वरची पट्टी वाढवणारा खोका) लेनी ॲम्पच्या पुढे लावत होता, तेव्हाही गणित हेच होतं. आज या कामाला ट्यूब स्क्रीमर हा हिरवा पेडल (गिटार आणि ॲम्पच्या मध्ये लावायचा छोटा खोका) किंवा त्याच्या सर्किटवरचा कुठलाही पेडल चालतो. त्यात ४.७ किलोओमचा रोध आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मिळून ७२० हर्ट्झची वेस तयार करतात. त्या वेशीच्या वरचं सगळं वाढतं. खाली जावं तसं ते वाढणं कमी होत जातं, आणि ८० हर्ट्झपाशी जवळपास काहीच वाढत नाही. खर्ज निघून जात नाही, फक्त बाकीच्यांच्या मानाने बराच मागे पडतो.

लावायचा असा: ड्राइव्ह शून्यावर, लेव्हल आठ ते दहा, टोन पाच-सहाच्या दरम्यान. ड्राइव्ह शून्यावर असला तरी पेडल वरच्या पट्टीला सुमारे १२ पट वाढवतच असतो, त्यामुळे काम होत नाही अशी शंका नको. ड्राइव्ह वाढवला तर पेडलमधले डायोड आधीच सिग्नल दाबून टाकतात आणि पिकचा घाव ॲम्पपर्यंत पोचतच नाही. ही चूक फार होते. पेडल चालू केला की ॲम्पचा गेन एक ते दोन आकड्यांनी खाली आणायचा. पेडल बंद असताना भारी वाटणारा आवाज चालू केल्यावर आधी बारीक वाटतो, आणि इथेच बरेच जण घाबरून पेडल काढून टाकतात. पाम म्यूट करून ऐका. घाव सुटा येतोय का, दोन घावांमध्ये खरी शांतता आहे का, एवढंच तपासा. बारीकपणाचा इलाज पुढे आहे.

कुठल्या ॲम्पवर किती छाटायचं हे त्याच्या आतल्या मांडणीवर अवलंबून असतं. मार्शल जेसीएम ८०० च्या २२०३ मॉडेलमध्ये पहिल्याच ट्यूबच्या कॅथोडवर (करंट जिथून निघतो त्या टोकावर) २.७ किलोओम आणि ०.६८ मायक्रोफॅरड आहेत, म्हणजे खर्ज तिथेच थोडा कापलेला असतो. पुढच्या टप्प्याला १० किलोओमचा थंड बायस आहे, तो लाटेची एक बाजू लवकर कापतो आणि त्यातून तो खास खरबरीत आवाज निघतो. पण या ॲम्पला स्वतःचा गेन मेटलसाठी जेमतेम पुरतो, म्हणून त्याला बूस्ट हवाच. गेन ६, बेस ४, मिड ७, ट्रेबल ६, प्रेझेन्स ५ आणि पुढे लेव्हल वाढवलेला पेडल, ही सुरुवात मला अजूनही सगळ्यात खात्रीची वाटते.

सोल्डानो एसएलओ-१०० (१९८७), आणि नंतर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आलेले पीव्ही ५१५० आणि मेसा ड्युअल रेक्टिफायर, यांच्यात गेनचे टप्पे जास्त आहेत. इथे गेन चार-साडेचारच्या वर नेण्याचं कारण क्वचितच असतं. पेडल लागतो तो गेनसाठी नव्हे, आवाज आवळून धरण्यासाठी. रेक्टिफायरमध्ये खर्ज मुळातच सैल आणि भरपूर असतो, त्यामुळे पेडल लावल्यावर सर्वात मोठा फरक ऐकू येतो तो याच ॲम्पवर.

मेसाच्या मार्क मालिकेचं प्रकरण मात्र उलटं आहे आणि तिथे भल्याभल्यांची फसगत होते. या ॲम्पमध्ये बेस-मिड-ट्रेबलचे नॉब फाटण्याच्या आधी बसवलेले आहेत. तिथे बेस पाचवर ठेवला की आवाज लगेच फसफसतो. बेस शून्य ते दोन, ट्रेबल सात-आठ, आणि मग ८०, २४०, ७५०, २२०० आणि ६६०० हर्ट्झच्या पाच स्लायडरचा इक्वलायझर, जो फाटण्याच्या नंतर येतो. ८० चा स्लायडर वर करून गेलेला खर्ज परत आणायचा, ७५० चा थोडा खाली. आधी काढायचं आणि मग घालायचं हे तत्त्व एकाच ॲम्पच्या पुढच्या पट्टीवर इतकं उघड दिसतं ते इथेच. पेडलची गरजही मग उरत नाही.

बाकीच्या ॲम्पवर टोनचे तीन नॉब फाटण्याच्या नंतर असतात. ते पॅसिव्ह असतात, म्हणजे फक्त कापू शकतात, वाढवू शकत नाहीत. तिन्ही एकमेकांत गुंतलेले असतात. ट्रेबल खूप वर नेला की बेस आणि मिड फिरवून फारसा फरक पडत नाही, म्हणून ट्रेबल आधी लावावा, बाकी दोन नंतर. आणि ‘सगळे पाचवर म्हणजे सपाट’ ही समजूत सोडून द्यावी. मार्शल पद्धतीच्या सर्किटमध्ये तिन्ही पाचवर असतानाच ५०० ते ७०० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडलेला असतो. त्यात मिड आणखी खाली आणला, तो प्रसिद्ध व्ही आकार केला, की घरी एकट्याने ऐकताना आवाज मोठा आणि गुळगुळीत वाटतो. कमी आवाजात आपल्या कानाला खालच्या आणि अगदी वरच्या पट्ट्या कमी ऐकू येतात, ती उणीव हा आकार भरून काढतो. आवाज वाढला की ती उणीवच राहत नाही. मग खाली बेस गिटार आणि किक ड्रम, वर झांजा, आणि मधली जी जागा फक्त गिटारची होती ती आपण स्वतः रिकामी करून बसलेलो असतो.

मिड सहा-सातवर ठेवा, हे मी आग्रहाने सांगेन. ज्या रेकॉर्ड ऐकून आवाज ‘मधून पोकळ’ वाटतो त्यातही ती पोकळी बहुतेक वेळा ४०० च्या आसपासची, थोडीशीच असते. ८०० ते १५०० मधली गुरगुर जागेवरच असते. ४०० चा खोक्यासारखा आवाज त्रास देत असेल तर इफेक्ट लूपमध्ये (आवाज फाटतो तो प्रीॲम्प आणि शेवटचा पॉवर ॲम्प यांच्या मधल्या जोडणीत) ग्राफिक इक्वलायझर लावून तिथलेच ३ डेसिबल काढा. मिडचा नॉब त्यासाठी फार ढोबळ आहे.

आता छाटलेला खर्ज परत घालायची वेळ. हे काम पॉवर ॲम्प आणि स्पीकरचं आहे. प्रेझेन्स आणि रेझोनन्स (काही ॲम्पवर डेप्थ) हे नॉब पॉवर ॲम्पमधला निगेटिव्ह फीडबॅक (आवाज आवरून धरणारा परतीचा सिग्नल) कमी करतात, पहिला वरच्या पट्टीत, दुसरा खालच्या. रेझोनन्स वाढवला की कॅबिनेटमधला स्पीकर आपल्या नैसर्गिक कंपनाच्या जागी मोकळा हलू लागतो, आणि पाम म्यूटला तो छातीवर बसणारा धक्का मिळतो. हा खर्ज फाटलेला नसतो, म्हणून गढूळ होत नाही. बेस चारवर ठेवून रेझोनन्स पाच-सहा करा, मग बेस सहा आणि रेझोनन्स शून्य करून पहा. फरक एका रिफमध्ये कळतो.

पण यातलं काहीही मास्टर, म्हणजे एकूण आवाजाचा नॉब, अर्ध्यावर असल्याशिवाय कळत नाही, असं मात्र नाही. मास्टर तीन-चारपर्यंत गेला, स्पीकरचा कागद खरोखर हलू लागला, की पुरे. मेटलमध्ये पॉवर ट्यूब फाटू द्यायच्या नसतात. त्या फाटल्या की आवळलेला खर्ज पुन्हा सैल होतो. म्हणूनच १०० वॅटचे ॲम्प इथे टिकून आहेत. ५० आणि १०० वॅटमध्ये जोराचा फरक फक्त ३ डेसिबलचा, पण खालच्या स्वरांना लागणारी ती शिल्लक ताकद ऐकू येते. घरात इतकं वाजवणं शक्य नसेल तर लोड बॉक्स (स्पीकरच्या जागी जोडायचा खोका) वापरावा, आणि तो रिॲक्टिव्ह असावा. खऱ्या स्पीकरचा रोध खालच्या कंपनापाशी आणि वरच्या पट्टीत चढतो, ट्यूब ॲम्प त्या चढाला प्रतिसाद देतो. साध्या रोधाच्या बॉक्समध्ये हा चढ नसतो, म्हणून आवाज सपाट आणि कोरडा येतो.

एक गोष्ट जपायची. ट्यूब ॲम्प स्पीकर किंवा लोड जोडल्याशिवाय कधीही चालवायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. ओमचा आकडा जुळवायचा, १६ चा कॅबिनेट १६ च्या जॅकला. आणि मधली केबल स्पीकरचीच हवी, गिटारची बारीक केबल नको.

स्पीकरबद्दल थोडक्यात सांगता येणार नाही, कारण अर्धा आवाज तिथेच असतो. गिटारचा १२ इंची स्पीकर ५००० हर्ट्झच्या वर झपाट्याने उतरतो. तो नसता तर फाटलेला सिग्नल मधमाश्यांच्या मोहोळासारखा ऐकू आला असता. सेलेस्चन कंपनीचा व्हिंटेज ३० हा ६० वॅटचा स्पीकर वरच्या मिडमध्ये पुढे येतो, म्हणून रिफ कापत जातो. रेक्टिफायरच्या सैलपणाला तो लगाम घालतो, पण आधीच टोकदार असलेल्या ॲम्पला कर्कश करतो. जी१२टी-७५ या स्पीकरमध्ये मिड मागे आणि खर्ज-चमक पुढे असते, त्याला मिडचा नॉब एक आकडा जास्त द्यावा लागतो. कॅबिनेट मागून बंद हवा. उघड्या पाठीच्या कॅबिनेटमधून पाम म्यूटचा धक्का मागे निसटून जातो.

ऐकताना कान कुठे आहे तेही पाहायचं. १२ इंची स्पीकर वरची पट्टी सरळ रेषेत, टॉर्चच्या झोतासारखी फेकतो. कॅबिनेट जमिनीवर आणि आपण त्याच्यापुढे पाऊलभर अंतरावर उभे असलो तर झोत गुडघ्याला लागतो, कानाला फक्त गोल, बोथट आवाज येतो. म्हणून ट्रेबल वाढवला जातो, आणि समोर चार मीटरवर उभ्या असलेल्याच्या कानात सुया जातात. लावताना एकदा खाली बसून, स्पीकरच्या उंचीवर कान नेऊन ऐका. तिथे ऐकवत नसेल तर तो समोरच्यालाही ऐकवत नाहीये.

गिटारकडच्या गोष्टी पटकन सांगतो. ब्रिजचा पिकअप, शेवटच्या फ्रेटवर तार दाबून जाड बाजूला अडीच आणि बारीक बाजूला दोन मिलिमीटर. याहून जवळ आणला तर पॅसिव्ह पिकअपचं चुंबक तारेला ओढतं आणि खालचे स्वर बेसूर डोलतात. ई ट्यूनिंगला १०-५२ च्या तारा, ड्रॉप सी ला ११-५६ च्या आसपास. सैल तार जोरात मारली की स्वर आधी वर चढून मग खाली येतो, आणि गेन त्या चढउताराला लपवत नाही, उघड करतो. पिक १ ते १.५ मिलिमीटरची. पाम म्यूटचा हात ब्रिजच्या सॅडलवरच असावा. तो तीन-चार मिलिमीटर पुढे सरकला तरी ‘चग्’चं ‘थप्प’ होतं, आणि मग माणूस बिचाऱ्या ॲम्पचे नॉब फिरवत राहतो.

गुणगुण आणि सूं आवाज वेगवेगळे असतात. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. गुणगुण थांबली तर ती पिकअपची. सूं आवाज तसाच राहिला तर तो ॲम्पच्या गेनचा. गिटार आणि ॲम्पच्या मध्ये लावलेला नॉइज गेट (तार थांबली की आवाज बंद करणारं उपकरण) गुणगुणीवर चालतो, सूं आवाजावर नाही. सूं आवाजासाठी गेटचा कान गिटारकडे आणि दार इफेक्ट लूपमध्ये, अशी चार केबलची जोडणी लागते. गिटारचा सिग्नल अजून फाटलेला नसल्यामुळे तार थांबली हे गेटला नेमकं कळतं, आणि दार प्रीॲम्पच्या नंतर असल्यामुळे सूं आवाजही बंद होतो. थ्रेशोल्ड (कितीच्या खाली दार बंद व्हावं तो नॉब) हळूहळू वर न्या. शांततेत आवाज जिथे नुकता बंद होतो तिथेच थांबा. त्यापुढे गेलं की लांब धरलेल्या स्वराची शेपटी तुटते.

मोठ्या आवाजात शिट्टी येत असेल आणि गिटारचा व्हॉल्यूम बंद करूनही ती थांबत नसेल, तर पहिल्या ट्यूबवर संशय घ्यावा. ॲम्प चालू असताना लाकडी पेन्सिलीच्या टोकाने तिला हलकेच टिचकी मारा. स्पीकरमधून घंटेसारखा आवाज आला तर ती मायक्रोफोनिक झाली आहे, म्हणजे हादऱ्याने स्वतःच आवाज करते. तिथे नवी १२एएक्स७ (प्रीॲम्पची नेहमीची ट्यूब) घालावी. गेन थोडा जास्तच वाटत असेल तर त्याच जागी ५७५१ चालते, तिचा गुणक १०० ऐवजी ७० असतो. ट्यूब बदलताना ॲम्प बंद करून थंड होऊ द्यायचा. पॉवर ट्यूबचं तसं नसतं, त्या बदलल्या की बायस, म्हणजे शांततेत ट्यूबमधून वाहणारा करंट, लावावा लागतो. ईएल३४ या पॉवर ट्यूबची मर्यादा २५ वॅट, तिच्या ७० टक्के म्हणजे १७.५. प्लेटवर ४५० व्होल्ट असतील तर प्रत्येक ट्यूबला ३९ मिलिअँपिअर, त्याहून जास्त नाही. हे काम जाणकाराकडून करून घ्यावं, कारण ॲम्प बंद करून प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणे काहीशे व्होल्ट उरलेले असू शकतात.

रेकॉर्ड करायचं असेल तर चार स्पीकरमधला एक कान लावून निवडा, ते एकसारखे वाजत नाहीत. एसएम५७ माइक जाळीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर, मधल्या टोपीची कड जिथे कागदाला मिळते त्या रेषेवर. केंद्राकडे सरकवला की आवाज चिरका होतो, कडेकडे सरकवला की मऊ. एक सेंटिमीटर सरकवून होणारा फरक ट्रेबलच्या नॉबच्या दोन आकड्यांएवढा असतो, म्हणून आधी माइक हलवायचा, नॉबला नंतर हात लावायचा. मग तोच रिफ दुसऱ्यांदा, खरोखर पुन्हा वाजवून, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. दोन गिटार एकत्र आल्या की खरखरही दोघींची मिळून येते, त्यामुळे एका गिटारला योग्य वाटणारा गेन इथे जास्त होतो. दोन्ही टेकसाठी तो एका आकड्याने कमी करा. एकटी ऐकली तर प्रत्येक गिटार थोडी कोरडी वाटेल. बेस गिटारचा ट्रॅक वर आणा आणि मग तिन्ही एकत्र ऐका.